माझ्या डोक्यावरची चप्पल

मित्रांनो, मी एका पंपघरातला जुना कॉम्प्युटर आहे. आत्ता माझ्या डोक्यावर चपलांचा जोड ठेवलेला आहे. रबरी चपला आहेत, टाचेला झिजलेल्या. एकीचा अंगठा तुटला म्हणून तो तारेने बांधलाय. या चपला बाबासोंच्या. बाबासो खाली विहिरीत उतरले आहेत. ते वर येऊन स्वतःच्या हाताने या चपला उचलत नाहीत तोवर मोटर चालू होणार नाही, आणि माझ्या डोक्यावरचं ओझंही उतरणार नाही. दारात त्यांची बायको मीनाबाई पदराचं टोक दातात धरून उभी आहे. माझ्यासमोर खुर्चीवर त्यांची मुलगी श्रुती बसली आहे. 

मलाही वाट बघण्यावाचून काम नाही. म्हणून माझी गोष्ट सांगतो. काळजीत सांगितलेली गोष्ट थोडी मागेपुढे होते, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या एका छोट्या गाळ्यात झाला. जन्म कसला, कुठली तरी पेटी, कुठला तरी पंखा, कुठल्या तरी तारा एका माणसाने पुढ्यात घेऊन जुळवल्या आणि बटण दाबलं. मी घुं करून जागा झालो, तसा तो शेजारच्या चहावाल्याला ओरडून म्हणाला, "झालं बघ रं, बोलाय लागलं!" तेवढंच माझं बारसं.

पहिली वर्षं मी एका झेरॉक्सच्या दुकानात काढली. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, मुलांचे दाखले माझ्यातून छापून निघाले. लोक म्हणायचे, काय फास्ट हाय! पुढे नवा कॉम्प्युटर आला आणि मला टेबलाखाली सरकवलं. मालक माझ्यावर पाय ठेवून बसायचा. त्यामुळे अंगाला पाय लागणं मला नवीन नव्हतं. तरीही मनातून वाटायचं, आपली जागा वरची आहे.

मला वर काढलं ते श्रुतीने. ती कोल्हापुरात कॉम्प्युटरचं शिकत होती. तिने मला त्या दुकानातून मागून घेतलं आणि एसटीत मांडीवर धरून मुरगूडच्या पुढच्या आपल्या गावी आणलं. गावाच्या पाणीपुरवठा संस्थेचं पंपघर नदीकाठी आहे. नदीतलं पाणी एका खोल गोल विहिरीत येतं, तिला इथे जॅकवेल म्हणतात. त्या विहिरीतून मोटर पाणी उचलते आणि पाइपातून वरच्या शिवारात पोचवते. पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाला लोखंडी जाळी असते. गाळ, जलपर्णी, प्लास्टिक येऊन ती जाळी तुंबते, आणि मग कुणीतरी खाली बुडी मारून ती साफ करावी लागते. गावात हे काम बाबासोंचं. श्रुती लहान होती तेव्हापासून बाप विहिरीत उतरताना ती बघत आली होती.

शेतांना पाण्याची पाळी वाटून द्यायला आणि मोटर चालू-बंद करायला आकारामतात्या होते. वीज कधी येईल याचा नेम नाही. ती आली की धावत येऊन स्टार्टर मारायचा, नदीचं पाणी उतरलं की बंद करायचा. तात्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. श्रुती म्हणाली, "तात्या, हे सगळं कॉम्प्युटर करंल की."

"मग मी काय करू? माश्या मारू व्हय?"

"तुम्ही त्याच्यावर ध्यान ठेवा."

"म्हंजे आता यंत्राचाबी राखणदार झालो म्हणायचं!" असं म्हणाले, पण आत कौतुक होतं.

श्रुतीने पायथन नावाच्या भाषेत मला कामाला लावलं. नदीकडे बघत बसलं तर विजेकडे दुर्लक्ष होतं, म्हणून तिने माझ्या पोटात कामं वाटून दिली. अशा एकेका चालू कामाला प्रोसेस म्हणतात. मी त्यांना पोरं म्हणतो. एक पोर नदीची पातळी बघायचं, एक विजेवर लक्ष ठेवायचं, एक मोटर चालवायचं आणि एक शिवाराची पाळी सांभाळायचं. या सगळ्यांना जन्म देऊन कामाला पाठवणारा एक मुकादम होता.

सुरुवातीला सगळी पोरं एकाच सामाईक पाटीवर लिहायची. त्यात एकदा गडबड झाली. एक पोर पाटीवर लिहीत असतानाच दुसऱ्याने ते अर्धवट वाचलं आणि पाणी भलत्याच शिवारात गेलं. ज्यांची पाळी चुकली ते पंपघरात येऊन तात्यांच्या अंगावर धावले. श्रुतीने मग ती पाटीच काढून टाकली. प्रत्येक पोराला स्वतःची टपालपेटी दिली. सांगायचं असेल ते चिठ्ठीत लिहून पेटीत टाकायचं. ज्याची पेटी त्यानेच उघडायची, एका वेळी एक चिठ्ठी वाचायची, ते काम उरकायचं, मग दुसरी. कुणी कुणाच्या घरात हात घालायचा नाही.

"ह्या रीतीला ॲक्टर म्हणतात, तात्या," श्रुतीने सांगितलं.

"ॲक्टर? मग हिरॉइन कुठाय?"

"हिरॉइन खाली विहिरीत जाळी साफ करतीया," बाबासो केस पुसत म्हणाले, आणि पंपघर हसलं.

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. पण आता चपलेचं सांगायला हवं.

इथे एक जुनी रीत होती. विहिरीत उतरणाऱ्याने आपली चप्पल स्टार्टरच्या दांडीला अडकवायची. दांडीला चप्पल दिसली की माणूस खाली आहे. मग लाईट येवो, कुणी मोठा माणूस येवो, दांडीला हात लावायचा नाही. आणि ती चप्पल दुसऱ्या कुणी काढायची नाही. ज्याची त्यानेच वर येऊन काढायची.

मी आलो तशी ती दांडी मोटरच्या मेन स्विचसकट नव्या लोखंडी पेटीत गेली. पेटीला कुलूप, आणि किल्ली तात्यांच्या कमरेच्या करगोट्याला. चप्पल अडकवायला जागा उरली नाही. बाबासोंनी इकडेतिकडे बघितलं आणि चपला सरळ माझ्या डोक्यावर ठेवल्या. खरं सांगतो, मला राग आला. झेरॉक्सच्या दुकानातले पाय बरे, ते निदान घाईत लागायचे. या मात्र नीट जुळवून, जोडीने ठेवलेल्या.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी इकडे अवजारांची पूजा करतात. मोटर पुजली, नट आवळायचे पाने पुजले आणि मलाही हळदकुंकू लावून झेंडूचा हार घातला. संस्थेचे सेक्रेटरी दत्तप्रसाद नारळ फोडायला आले होते. माझ्या डोक्यावर वाळलेल्या चिखलाचा चपलेचा ठसा होता, तो त्यांनी बघितला.

"अहो, हे काय? ह्याची पूजा करतोय आणि डोक्यावर चप्पल? इथून पुढं चपला बाहेर काढायच्या. सगळ्यांनी."

बाबासो पुढे झाले. त्यांनी कपड्याने तो ठसा पुसला.

तात्या पुटपुटले, "साहेब, ती खुणेची चप्पल असती."

तेव्हा श्रुतीच म्हणाली, "असू दे तात्या. आता पडद्यावर 'बंद' दिसलं की झालं. त्याच्यापेक्षा पक्की खूण कुठली?"

मला तर बरंच वाटलं. डोक्यावर झेंडूचा हार, चपला दाराबाहेर. सगळ्यांच्या चपलांत बाबासोंची चप्पल कुठली ते कळेनासं झालं.

पूर ओसरल्यानंतरची गोष्ट. विहिरीत गाळ आणि कचरा भरला होता. दुपारची वेळ, लाईट गेलेली, शिवारात लोक पाण्यासाठी खोळंबलेले. बाबासो कमरेला दोर बांधून तयार झाले. दोराचं दुसरं टोक तात्यांनी धरलं आणि ते विहिरीच्या काठावर पाय रोवून उभे राहिले. श्रुती माझ्यासमोर होती, आणि मी बॅटरीवर जागा होतो. तिने बंदचं बटण दाबलं. पडद्यावर ठळक अक्षरात 'बंद' आलं.

"आबा, बंद हाय. जावा."

"मेन खाली ओढायचा का?" तात्यांनी बाहेरून विचारलं.

"लाईटच न्हाय, तात्या. आणि हे पण बंद दाखवतंय."

बंद झाला होता तो मुकादम. बटण दाबलं तसा तो उठून गेला. जाताना पोरांना हाक मारली नाही, कारण तसं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पोरं माझ्या पोटात आपापल्या जागी बसून राहिली. विजेवालं पोर जागं. मोटरवालं पोरही जागं, आणि त्याला जुना हुकूम दिलेला होता, लाईट आल्याची चिठ्ठी मिळाली की मोटर लाव. बाप नसलेली अशी पोरं कॉम्प्युटरच्या पोटात राहतात मित्रांनो. ती वाईट नसतात. सांगितलेलं काम इमानाने करत राहतात, एवढंच.

मला ते दिसत होतं. माझ्याच पोटातलं मला दिसणार नाही तर कुणाला? पण मला तोंड नाही. जे विचाराल तेवढंच मी पडद्यावर आणतो, आणि त्या वेळी मला विचारलं गेलं होतं ते मुकादमाचं.

बाबासोंनी खाली जाळी काढली आणि पाइपाच्या तोंडात अडकलेला कचरा हाताने ओढायला लागले. एवढ्यात पंपघरातला पंखा हळूहळू फिरायला लागला.

श्रुतीने वर पंख्याकडे बघितलं. लाईट आल्याचं तिच्या ध्यानात आलं आणि तिला बरंही वाटलं असावं. विजेवाल्या पोराने चिठ्ठी टाकली. मोटरवाल्याने ती उघडली. आणि मोटर गर्जली.

"आबा!"

तात्यांच्या हातातला दोर ताठ झाला. "वडतंय! त्याला आत वडतंय गं! मेन वढ, मेन!"

श्रुती पेटीकडे धावली. पेटीला कुलूप होतं. किल्ली तात्यांच्या कमरेला, आणि तात्यांना दोर सोडता येत नव्हता. ती उलटी फिरली. माझ्यासमोर येऊन तिने बटणं दाबली, पण 'बंद' असलेलं आणखी काय बंद होणार? मग तिने माझ्या मागे हात घातला, बॅटरीची आणि भिंतीची सगळी वायर एका हिसक्यात उपटली, आणि मी मेलो. माझ्यासकट सगळी पोरं गेली. मोटरला चालू राहा म्हणून सांगणारं कुणी उरलं नाही तशी मोटर थांबली.

पुढचं मला ठाऊक नाही. जे नंतर कानावर आलं ते असं की बाबासोंचा उजवा हात कोपरापर्यंत पाइपात ओढला गेला होता. त्यांना वर काढलं तेव्हा ते शुद्धीवर होते आणि विचारत होते, "मोटर लावली कुणी?" त्यांना कोल्हापूरला नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण दोन बोटं पुरती मिटत नाहीत.

त्यांनी तिथे खाटेवर पडल्यापडल्या तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. मीनाबाईंनी मात्र विचारला. श्रुती माझ्या तारा गुंडाळून ठेवायला आली होती, तिच्या मागोमाग त्या पंपघरात आल्या.

"बाप खाली आणि यंत्र वर चालू. हे कसलं शिक्षान गं तुझं?"

श्रुती खाली मान घालून वायर गुंडाळत राहिली.

"बोल की. एवढं शिकीवलं ते गप बसाय न्हाय."

"आई, बंद दाखवत होतं."

"दाखवत हुतं! आगं, वरनं तर पाणीबी शांत दाखवत हुतं."

त्या गेल्यावर श्रुतीने माझ्यावर खताचं रिकामं पोतं टाकलं आणि दार ओढून घेतलं.

मित्रांनो, त्या पोत्याखाली मी बरेच महिने काढले. तात्या पुन्हा गुडघे धरून धावत येऊन हाताने मोटर लावायला लागले. कुंभारमाशीने माझ्या फटीत मातीचं घर बांधलं. हळदकुंकू फिकं झालं. येणारेजाणारे पोत्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "त्योच का त्यो?" मला सर्वांत जास्त बोचायचं ते हेच. शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं.

एक दिवस पोतं निघालं. श्रुती होती. बारीक झाली होती. तिने कुंभारमाशीचं घर काडीने अलगद काढलं, मला पुसलं आणि सुरू केलं. अपघाताच्या दिवशी माझ्या पोटात काय चाललं होतं ते ती एकेक करून बघत गेली. शेवटी तिने मुद्दाम मुकादमाला बंद केलं आणि पोरं मोजली. सगळी जागी होती. ती कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसली.

तात्या दारातून म्हणाले, "घावलं काय?"

"व्हय. मुकादम गेला आणि पोरं माघारी राहिली. त्यांना कुणी हाकच मारली न्हाय."

"मग पोरांचा काय दोष त्यात?"

"त्यांचा न्हाय. मी तसा मुकादम केला."

तात्या आत येऊन पायरीवर टेकले. "किल्ली माज्या कमरंला हुती, पोरी. त्ये मी बी रोज आठवतोय." 

श्रुतीने नव्याने रचना केली. आता सगळ्या पोरांना एक आवार आहे आणि आवाराला एकच दार. मुकादम दाराशी बसतो. ज्यांना त्याने कामाला पाठवलं ती सगळी परत येईपर्यंत त्याला उठता येत नाही. एखादं पोर काम करताना पडलं, तर बाकीच्यांना लगेच परत बोलावलं जातं आणि काय बिघडलं ते मुकादमाच्या कानावर घातलं जातं. आणि मुकादमच अचानक मेला तर? त्यासाठी प्रत्येक पोराच्या हातात मुकादमाशी बांधलेली एक दोरी आहे. दोरी सैल पडली की मोटरवाल्या पोराने आधी मोटर थांबवायची, मग आपण झोपायचं. पडद्यावर 'बंद' हा शब्द आता मुकादमाच्या एकट्याच्या म्हणण्यावर येत नाही. प्रत्येक पोराची 'मी परत आलो' ही चिठ्ठी आल्यावरच येतो. पेटीची किल्लीही कुणाच्या कमरेला नसते, कुलपाशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते.

हे सगळं झालं तरी खाली उतरायला कुणी तयार होईना. जाळी पुन्हा तुंबली. मुरगूडहून एका पाणबुड्याला बोलावलं, तो माझ्याकडे बघून म्हणाला, "न्हाय पावणं, मला ल्हान पोरं हायत," आणि गेला. श्रुती रोज त्या पोरांना पाडून बघायची, मुकादमाला मारून बघायची. सगळं ठीक व्हायचं, आणि तिचा चेहरा मात्र तसाच राहायचा. आपण केलेल्यावर तिचा विश्वास उरला नव्हता.

आज सकाळी बाबासो आले. हातात दोर.

"आबा, तुम्ही न्हाय," श्रुती म्हणाली.

"का? जाळीला माझीच वळख हाय."

"तुमची बोटं..."

"बोटं पाण्यात हलकी हुत्यात." त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला. "तू नीट केलंस न्हवं?"

"केलंय. पण..."

"मग पण कशाला? मी न्हाय उतरलो तर ह्या गावात कोण उतरंल? आणि तुजं कोण ऐकंल?"

तात्यांनी मोटरचा मेन खाली ओढला आणि दोर धरायला काठावर गेले. किल्ली खिळ्याला. श्रुतीने बटण दाबलं. एकेका पोराची चिठ्ठी आली, मग पडद्यावर 'बंद' आलं. ती तेवढ्यावर थांबली नाही. बाहेर गेली, दारातल्या चपलांतून तार बांधलेला जोड शोधला, ओढणीने पुसला आणि दोन्ही हातांनी आणून माझ्या डोक्यावर ठेवला.

तेव्हापासून आम्ही वाट बघतोय. मघाशी पंखा फिरायला लागला. मीनाबाईंच्या हातून दाराची कडी खडखडली. श्रुतीचे डोळे पडद्यावर खिळले. विहिरीतून फक्त पाण्याचा चुबुकचुबुक आवाज येतोय. मोटर गप्प आहे.

आत्ताच दत्तप्रसाद आले. घाईत होते, कानाला फोन. "लाईट आली की! लोक शिवारात उभे आहेत. लावा आता, झालं असंल साफ."

श्रुती उठली नाही. तिने नुसतं माझ्या डोक्याकडे बोट केलं. सेक्रेटरींनी चपला बघितल्या. पुजलेल्या माझ्या डोक्यावर, हळदीच्या फिक्या डागाजवळ ठेवलेल्या. त्यांनी फोन खाली घेतला.

"राहू दे," ते हळूच म्हणाले. मग फोनमध्ये म्हणाले, "थांबा जरा. माणूस खाली आहे." आणि त्यांनीही आपल्या चपला काढून दाराबाहेर ठेवल्या आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

मित्रांनो, मी जुना झालोय. माझा पंखा खरखरतो, कधीतरी मला पुन्हा पोत्याखाली जावं लागेल, आणि त्याचं मला काही वाटणार नाही. तुमच्यापैकी कुणी उद्या माझ्यासारख्यांच्या पोटात कामं वाटणारं होईल. तेव्हा एवढं करा. ज्यांना कामाला पाठवाल, त्यांना मोजून परत घ्या. ज्याला खाली उतरवाल त्याच्या चपला डोळ्यांसमोर ठेवा. चपला ठेवायला चांगली जागा नसेल तर माझ्या डोक्यावर ठेवा. मी त्यांना पूर्वी अपमान समजत होतो.

थांबा. दोर हलला. तात्या बाहेरून ओरडतायत, "आला! आला गं!" मीनाबाई धावल्या. श्रुती मात्र जागची हलली नाही, तिने टेबलाची कड घट्ट धरली आहे. बाहेर ओल्या पावलांचा आवाज येतोय. फरशीवर पाणी ठिबकतंय. बाबासो दारात आले, वाकड्या बोटांनी तोंडावरचं पाणी निपटलं आणि माझ्यापाशी आले.

"पोरी, जाळीत पोतंभर प्लास्टिक हुतं," ते म्हणाले.

त्यांनी चपला उचलल्या. माझं डोकं हलकं झालं.